मास्तरांचा उजवा पाय

गाडी मागे घेताना आरशात बघायचं, मान वळवून बघायचं, आणि तरीही शंका आली तर सरळ खाली उतरून बघायचं, हे वाक्य ड्रायव्हिंग स्कूलचे मास्तर गेली कित्येक वर्षं रोज म्हणत आले होते. ते गाडीत म्हणायचे, जेवताना म्हणायचे आणि बायकोच्या सांगण्यावर विश्वास ठेवायचा तर झोपेतही म्हणायचे. त्या सकाळी मात्र ते एकटेच होते. एका विद्यार्थ्याला लवकर बोलावलं होतं, उशीर झाला होता आणि शेजारच्या सीटवर बसून हे वाक्य म्हणायला कुणी नव्हतं. फाटकातून गाडी मागे घेताना चाकाखाली करकचून काहीतरी चिरडल्याचा आवाज झाला.

मास्तर खाली उतरले. मागच्या चाकाखाली स्टीलची दुधाची किटली होती. बूड एका बाजूने उसवलं होतं, पोट आत गेलं होतं, आणि कडी अशी वर आली होती की जणू ती मास्तरांकडेच बोट दाखवत होती.

बायकोच्या आईची ही किटली लग्नात तिच्याबरोबर घरात आली होती आणि तेव्हापासून घरात तिला मास्तरांपेक्षा जास्त मान होता. तिला कुणी आपटायचं नाही, राखेने घासायचं नाही आणि तिच्यात दुधाशिवाय काही ओतायचं नाही. बायको त्याच दिवशी पहाटे आजारी बहिणीकडे गेली होती. जाण्याच्या आदल्या रात्री तिने बरंच काही सांगितलं होतं आणि बातम्या ऐकता ऐकता मास्तर प्रत्येक वेळी ‘हं’ म्हणाले होते. त्यात किटलीचंही काहीतरी होतं. नीट ठेवा, असंच असणार.

त्यांनी आजूबाजूला बघितलं. रस्त्यावर कुणी नव्हतं. वरच्या मजल्यावरचे काका, ज्यांना मास्तरांनी गाडी मागे घेतलेली बघणं हा सकाळचा एकमेव विरंगुळा होता, तेही गॅलरीत नव्हते. मास्तरांनी किटली उचलली, गाडी पुसायच्या फडक्यात गुंडाळली आणि डिकीत टाकली.

आता ती दुरुस्त करायची कुठे? गावातल्या अर्ध्या लोकांना गाडी शिकवलेली असली की माणसाची मोठी पंचाईत होते. भांड्यांचा दुकानदार त्यांचा विद्यार्थी, लोहार त्यांचा विद्यार्थी, कोपऱ्यावरचा गॅरेजवाला तर दोनदा विद्यार्थी. कुणाच्याही हातात ती किटली दिली असती तर त्याने एकच प्रश्न विचारला असता, आणि संध्याकाळपर्यंत ज्याच्या त्याच्या तोंडी झालं असतं की मास्तर आरशात बघत नाहीत. नाव गेलं की ड्रायव्हिंग स्कूलमध्ये उरतं काय? एक जुनी गाडी आणि तिच्यावरची ‘शिकाऊ’ अशी पाटी.

उरल्या एकट्या वेल्डरबाई. कारखान्यांच्या रस्त्यावर त्यांचं वर्कशॉप होतं. डेअरीला लागणारे स्टीलचे पाइप आणि टाक्या त्या जोडून द्यायच्या, आणि त्यांचा जोड नुसता बोट फिरवून सापडायचा नाही असं लोक म्हणायचे. त्या मास्तरांकडे गाडी शिकत होत्या. परीक्षेत दोनदा नापास झाल्या होत्या आणि ही गोष्ट कुणाला सांगू नका म्हणून त्यांनी मास्तरांना गळ घातली होती. ज्याचं गुपित आपल्याकडे आहे त्याच्याकडे आपलं ठेवायला हरकत नाही, असा हिशेब करून, विद्यार्थ्याचा तास उरकून मास्तर तिकडे गेले.

पण वर्कशॉपच्या दारात पोचल्यावर जीभ रेटेना. आपण चिरडलेली किटली या बाईंपुढे ठेवायची, ज्यांना आपण कालच ‘आरसा काय केस विंचरायला लावलाय का’ असं म्हणालो?

“मास्तर, तुम्ही इकडे कुठे?”

“काही नाही,” मास्तर म्हणाले. “मला हे शिकायचंय.”

“काय?”

“हेच. तुम्ही करता ते.”

वेल्डरबाईंचा चेहरा असा उजळला की मास्तरांना माघार घेता येईना. इतक्या वर्षांत त्यांच्याकडे सगळे जोडून घ्यायला आले होते, शिकायला कुणीच आलं नव्हतं. त्यांनी मास्तरांना खुर्ची दिली, जाड एप्रन दिला, काळ्या काचेचं हेल्मेट दिलं आणि लगेच ठरवूनही टाकलं की सकाळी मास्तरांनी वेल्डिंग शिकायचं आणि संध्याकाळी बाईंनी गाडी. मास्तरांनी मनाशी म्हटलं, दोन-तीन दिवसांत जमलं की गुपचूप किटली जोडायची आणि बायको यायच्या आत जागेवर ठेवायची.

“याला टिग वेल्डिंग म्हणतात,” वेल्डरबाई म्हणाल्या. “हा टॉर्च उजव्या हातात. पुढे ही टोकदार कांडी आहे ना, ती टंगस्टनची. तिच्या टोकातून आर्क, म्हणजे विजेचा झोत निघतो, त्याने स्टील वितळतं, पण ही स्वतः वितळत नाही. डाव्या हातात ही बारीक तार. वितळलेल्या थेंबात ती थोडी थोडी द्यायची. आणि पाय या पेडलवर. दाबला की उष्णता वाढते.”

“म्हणजे ॲक्सिलरेटर.”

“तसंच समजा.”

“आणि ब्रेक?”

“ब्रेक नाही.”

मास्तर गोंधळले. ब्रेक नसलेल्या वस्तूवर बसणं त्यांच्या तत्त्वातच बसत नव्हतं. “मग थांबायचं कसं?”

“पाय उचलायचा. बस्स.”

“आणि ठिणग्या कुठे आहेत?”

“यात ठिणग्या उडत नाहीत. उडाल्या तर समजायचं काहीतरी चुकलंय. आणि ही कांडी स्टीलला टेकवायची नाही. अगदी जवळ न्यायची, पण टेकवायची नाही.”

मास्तरांनी हेल्मेट खाली घेतलं, टॉर्च जवळ नेला आणि टेकवला. कांडीचं टोक चिकटलं, तिच्यावर स्टीलचा गोळा बसला. वेल्डरबाईंनी ती काढली, ग्राइंडरवर नेऊन पुन्हा टोक काढलं आणि परत लावली. मास्तरांनी पुन्हा टेकवली. सकाळभर वेल्डरबाई ग्राइंडरपाशी येत-जात राहिल्या आणि मास्तर प्रत्येक वेळी ‘आत्ता समजलं’ म्हणत राहिले.

टेकवणं थांबलं तर उकडायला लागलं. मास्तरांनी हळूच हात लांबवून पंखा लावला. पुढचा जोड काळाकुट्ट झाला, वर बारीक बारीक छिद्रं, जळक्या घावनासारखा.

“पंखा कुणी लावला?”

“मी. का?”

“टॉर्चमधून आर्गॉन गॅस येतो मास्तर. गरम स्टीलला हवा लागू नये म्हणून. तुम्ही तो उडवून लावला.”

“मला तर कुठे काही दिसला नाही.”

“दिसत नाही. वासही येत नाही.”

न दिसणारा गॅस, न टेकवायची कांडी, न उडणाऱ्या ठिणग्या आणि नसलेला ब्रेक. या कामात जे काही होतं ते नसण्याचंच होतं. मास्तरांचं डोकं भणभणायला लागलं.

पण खरी अडचण पुढेच होती. कांडी टेकेनाशी झाली, पंखा बंद राहिला, तार कशीबशी पुढे सरकायला लागली, आणि पत्र्यावर वितळलेल्या स्टीलचा चकचकीत थेंब दिसायला लागला. तो थेंब थोडा पसरला, थोडा खाली झुकला. आता भोक पडणार असं मास्तरांना स्पष्ट दिसलं. धोका दिसताक्षणी त्यांच्या उजव्या पायाने तेच केलं जे तो गेली कित्येक वर्षं शेजारच्या सीटपुढच्या जादा ब्रेकवर करत आला होता. तो खाडकन खाली गेला.

भोक पडलं. हेल्मेट वर करून मास्तरांनी त्यातून पलीकडची भिंत बघितली.

“घाबरल्यावर तुम्ही काय करता?” वेल्डरबाईंनी विचारलं.

“ब्रेक दाबतो.”

“हा ब्रेक नाहीये.”

“मला माहितीये.”

“तुमच्या पायाला माहीत नाही.”

पायाला समजावण्याचे सगळे प्रयत्न झाले. मास्तरांनी बूट काढून बघितला, डावा पाय लावून बघितला, ‘पाय उचला, पाय उचला’ असं स्वतःशीच म्हणूनही बघितलं. शिकाऊ माणसाच्या शेजारी बसून कमावलेला तो पाय होता. त्याने कितीतरी सायकलवाले, कुत्री आणि एकदा तर लग्नाची अख्खी वरात वाचवली होती. तो कुणाचं ऐकायच्या मनःस्थितीत नव्हता. भोकं पडलेल्या पट्ट्यांचा ढीग वाढला आणि मास्तरांच्या नाकी नऊ आले.

त्या दुपारी घरी ते एका हातात चमचा आणि दुसऱ्या हातात दात घासायचा ब्रश धरून, खुर्चीत बसून पाय वरखाली करत सराव करत होते, तेव्हा दारात वरचे काका उभे होते. काकांनी बराच वेळ ते दृश्य बघितलं.

“मास्तर, आमची दुधाची किटली दिसली का कुठे? खालीच ठेवली होती सकाळी.”

एका किटलीचा शोध सुरू झाला की दुसरीचाही होणार, आणि मग तुमची कुठाय हे विचारायला काकांना कितीसा वेळ लागणार?

“नाही बुवा.”

“मग दूधवाल्यानेच नेली. दुसरं कोण येतं इथं?”

“असेल,” मास्तर म्हणाले. एकाच घरात एकाच वेळी दोन किटल्यांवर संकट यावं याचं त्यांना क्षणभर नवल वाटलं. पण त्यांचं सगळं लक्ष त्या पायात अडकलेलं होतं, त्यामुळे नवल वाटण्यापलीकडे काही झालं नाही.

त्या ‘असेल’ने मात्र घोळ घातला. काकांनी दूधवाल्याला फाटकातच धरलं आणि “मास्तरही तेच म्हणाले” असंही वर सांगितलं. दूधवाला साधा माणूस, पण स्वाभिमानी. चोर म्हणवून घेऊन मी या रस्त्यावर दूध घालणार नाही, असं म्हणून त्याने सायकल वळवली. दुसऱ्या दिवसापासून सगळ्या रस्त्याच्या चहाला दूध नाही. लोक कोरा चहा पीत एकमेकांकडे संशयाने बघायला लागले, आणि ज्याला त्याला मास्तरांचं मत हवं होतं. मास्तर मूग गिळून बसले. दूधवाला त्यांनाही आवडायचा. थंडीत, पावसात, कधी एक दिवस चुकला नव्हता. त्याचा पडलेला चेहरा आठवून मास्तरांना मनापासून वाईट वाटत होतं, पण त्याची बाजू घ्यायची तर किटल्यांचा विषय निघाला असता.

गुरुवारी संध्याकाळी वेल्डरबाई गाडी चालवायला बसल्या. तिथे निराळीच गंमत होती. रस्ता मोकळा असला की बाई उत्तम चालवायच्या. हात स्थिर, नजर सरळ. पण समोर कुणी आडवं आलं की त्या पाय उचलून पुतळ्यासारख्या बसायच्या आणि गाडी हळूहळू पुढे जात राहायची. त्या दिवशी एक म्हातारा कुत्रा रस्त्याच्या मधोमध येऊन अंग खाजवत उभा राहिला. बाईंनी पाय उचलला. गाडी कुत्र्याकडे निघाली. मास्तरांचा पाय खाडकन खाली गेला आणि गाडी कुत्र्याच्या नाकासमोर थांबली.

“अहो, थांबवत का नाही तुम्ही?”

“पाय उचलला की मी.”

“पाय उचलून गाडी थांबत नाही.”

“आर्क थांबतो.”

“आणि त्यानंतर अशा दगडासारख्या का बसता?”

“सवय,” बाई ओशाळून म्हणाल्या. “आर्क विझला तरी टॉर्च लगेच हलवायचा नसतो. गॅस थोडा वेळ वाहू द्यायचा, नाहीतर जोड काळा पडतो.”

“इथे कसला आलाय गॅस?” मास्तर ओरडणार होते, पण त्यांना वर्कशॉपमधला पट्ट्यांचा ढीग आठवला. गाडीत आणि वर्कशॉपमध्ये मिळून दोन उजवे पाय होते आणि दोन्ही चुकीच्या जागी शहाणे होते.

तेवढ्यात डिकीतून खडखडाट ऐकू आला. ब्रेकच्या धक्क्याने काहीतरी सुटलं होतं. मास्तर नको नको म्हणेपर्यंत बाईंनी उतरून डिकी उघडली. फडकं बाजूला झालं होतं. किटली उघडी पडली होती आणि तिच्या पोटावर टायरची नक्षी स्पष्ट उमटलेली होती. बाईंनी किटली बघितली, मग गाडीचं मागचं चाक बघितलं, मग मास्तरांकडे.

“रिव्हर्स?”

मास्तरांनी मान खाली घातली. “बायकोच्या आईची आहे. शनिवारी बायको येतेय.”

बाई हसल्या नाहीत. हसू दाबण्यासाठी त्यांनी डिकीतल्या स्टेपनीकडे जरा जास्तच वेळ बघितलं. “पहिल्याच दिवशी सांगितलं असतंत तर मी तेव्हाच जोडून दिली असती.”

“तेव्हा सांगवलं नाही. आणि आता मला ती स्वतःच जोडायचीय,” मास्तर म्हणाले, आणि हे बोलल्यावर त्यांचं त्यांनाच आश्चर्य वाटलं. “मोडली मी. जोडीनही मीच.”

शुक्रवारी सकाळी वेल्डरबाईंनी किटलीत लाकडी ओंडका घालून, लाकडी हातोड्याने ठोकून ठोकून तिचं पोट पुन्हा गोल केलं. फाटलेली कड घासून पुसून लख्ख केली. आतूनही हवा लागू नये म्हणून गॅसची नळी सोडली. मग त्यांनी एक दुसरी खुर्ची ओढली, मास्तरांच्या शेजारी बसल्या आणि पेडल स्वतःच्या पायाखाली घेतलं.

“हे काय?”

“गाडीत माझ्यासाठी तुमचा पाय असतो. इथं तुमच्यासाठी माझा. हात तुम्ही चालवा.”

मास्तरांनी हेल्मेट खाली केलं. काळ्या काचेआड हिरवट उजेड पेटला आणि उसवलेल्या कडेवर तो चकचकीत थेंब तयार झाला. डावा हात तार द्यायला लागला. थेंब झुकला, आणि मास्तरांचा उजवा पाय सवयीप्रमाणे दाणकन खाली गेला. पण त्याच्याखाली नुसती जमीन होती. शेजारी बाईंनी आपला पाय अलगद वर घेतला, थेंब सावरला, पुढे सरकला. मास्तर किटलीच्या बुडाभोवती इंचाइंचाने फिरत गेले. जमिनीचा तेवढा त्यांनी दाबून दाबून भुगा करायचा बाकी ठेवला. शेवटी आर्क विझल्यावर बाई म्हणाल्या, “हलू नका,” आणि गॅसचा फुसफुसाट थांबेपर्यंत दोघंही पुतळ्यासारखे बसून राहिले.

जोड वाकडातिकडा होता. बोट फिरवलं की लगेच सापडत होता. पण पाणी भरून ठेवलं तर एक थेंब गळला नाही, आणि मास्तरांनी त्या किटलीकडे असं बघितलं जसं त्यांनी आजवर एकाही विद्यार्थ्याकडे बघितलं नव्हतं.

त्याच दुपारी वेल्डरबाई परीक्षा पास झाल्या. कसं काय जमलं, असं मास्तरांनी विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, “परीक्षेच्या गाडीत परीक्षकाच्या पायाखाली ब्रेक नसतो, हे या वेळी आठवलं. मग मलाच दाबायला लागला.”

शनिवारी मास्तरांनी किटली घासून, पुसून, जोडाची बाजू भिंतीकडे करून ओट्यावर ठेवली आणि वर्तमानपत्र उघडून बसले. फाटक वाजलं. बायको आत आली. तिच्या एका हातात पिशवी होती आणि दुसऱ्या हातात किटली होती.

मास्तरांनी तिच्या हातातल्या किटलीकडे बघितलं. मग ओट्यावरच्या किटलीकडे. मग परत हाताकडे.

“ही कुणाची?” बायकोने ओट्याकडे बघत विचारलं.

“तुझी ना?”

“माझी ही. तुम्हाला सांगून गेले होते ना, ताईला आईच्या किटलीतलं दूध हवंय म्हणून ती घेऊन जाते. तुम्ही ‘हं’ म्हणालात.” तिने ओट्यावरची किटली उलटी करून बघितली, जोडावर बोट फिरवलं. “हे कुणी केलं?”

“मी.”

बायको खाली बसली. किटली कुणाची, हा प्रश्न तिच्या दृष्टीने आता दुसऱ्या नंबरावर गेला होता. मास्तरांना मात्र वरून काकांच्या खोकल्याचा आवाज आला आणि सगळा उलगडा झाला. आठवडाभर ते ज्यासाठी राबले ती किटली वरच्या मजल्यावरची होती आणि तिच्यापायी एक भला माणूस चोर ठरला होता. त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. शब्द वर-खाली झाले, पण एकही गाळला नाही.

“चला वर,” ती म्हणाली.

काकांनी दार उघडलं. मास्तरांनी किटली पुढे केली. “काका, तुमची किटली माझ्या चाकाखाली आली. मला वाटलं आमचीच आहे, म्हणून लपवली. दूधवाल्याचा काहीच संबंध नाही. मला फार लाज वाटतेय.”

काकांनी किटली घेतली, फिरवून बघितली. रागावतील असं वाटलं होतं, पण त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

“मीही एक गोष्ट बोललो नव्हतो,” ते म्हणाले. “गल्लीतलं एक मांजर किटली लवंडायचं, म्हणून मी ती रोज तुमच्या मागच्या चाकाला टेकवून ठेवायचो. तुम्ही निघायच्या आत दूधवाला येऊन जातो. त्या दिवशी तुम्ही लवकर निघालात. मला शंका आलीच होती, म्हणून तर आधी तुम्हाला विचारलं. तुम्ही नाही बुवा म्हणालात. मग राहिला तो दूधवाला.”

मास्तर जरा सरळ उभे राहिले. “चाकाला टेकवलेली होती?”

“अगदी चिकटून.”

“म्हणजे आरशात दिसलीच नसती,” मास्तरांच्या आवाजात हळूहळू वर्गातला जोर यायला लागला. “मान वळवूनसुद्धा दिसली नसती. चाकाला चिकटलेली वस्तू चालकाला दिसणं शक्यच नाही.”

“नसती दिसली,” काकांनी मान डोलावली.

“पण तुम्ही बघितलं होतं का?” बायकोने विचारलं.

मास्तरांचा उजवा पाय काकांच्या फरशीवर घट्ट दाबला गेला. बायकोने तो बघितला. काकांनी कोपऱ्यातल्या चपला पायात सरकवल्या.

“दूधवाल्याची माफी आजच मागायला हवी,” ते म्हणाले. “गाडी काढता का?”

“नको,” मास्तर म्हणाले. “चालत जाऊ.”